वासाचा पहारा किती वेळ?

चिपळूणजवळच्या आमच्या घरी मृग लागला की संध्याकाळी पडवीत बसायची सोय उरत नाही. परसात अळू आणि केळी, मागे वहाळ; डासांना आणखी काय हवं? सिट्रोनेला, निलगिरी, लवंग अशी सुगंधी तेलं मी बऱ्याच वर्षांपासून वापरते. वाडीतल्या बायका विचारत असतात, कुठलं तेल, किती थेंब, लेकराला चालेल का. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

१. तेल डासाला मारत नाही, चकवतं. डासाची मादी आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांचा माग काढत येते. सिट्रोनेलाची वाफ हा माग बिघडवते. म्हणजे काम करते ती वाफ, आणि ती उडून गेली की पहारा संपला. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक तुलना छापून आली होती. माणसांनी औषध लावलेला हात डासांच्या पिंजऱ्यात घालायचा आणि पहिला डास कधी चावतो ते बघायचं. सिट्रोनेलाच्या बहुतेक उत्पादनांचा प्रभाव २० मिनिटांच्या आत ओसरला, २३.८ टक्के डीट असलेलं औषध सरासरी ५ तास टिकलं. पडवीत पिंजऱ्याइतके डास नसतात, त्यामुळे तिथे तेल जरा जास्त वेळ साथ देतं. तरी गप्पा रंगल्या की मी मधेच उठून पुन्हा लावते. एकदा लावलं की रात्रभर निर्धास्त, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

२. शुद्ध तेल थेट अंगाला लावायचं नाही. चहाचा एक चमचा खोबरेल घ्यायचं, त्यात दोन थेंब, बास. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास बसतं. खोबरेलामुळे वाफ जरा सावकाश उडते आणि कातडीची आगही होत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट बघावी. पुरळ उठलं तर ते तेल आपल्यासाठी नाही. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात मुळीच जाऊ नये, कातडी भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. आणि पाण्यात थेंब टाकून फवारा करणाऱ्यांनी बाटलीत नीट बघावं. तेल वर तरंगत असतं. खालून नळीत येतं ते नुसतं पाणी, आणि शेवटी उरतं ते जहाल तेल.

३. निलगिरी म्हणून मिळणारी सगळी तेलं एक नव्हेत. औषधाच्या दुकानात सर्दीसाठी मिळते त्या निलगिरीत मुख्य घटक सिनिओल असतो. डासांपुढे तिचं फारसं चालत नाही. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था ज्याची शिफारस करते ते औषध लिंबाच्या वासाच्या वेगळ्या निलगिरीपासून काढतात आणि त्यातला कामाचा घटक पीएमडी. त्या झाडाचं नुसतं ऊर्ध्वपातन केलेलं तेल आणि हे औषध यांतही फरक आहे. म्हणून लेबलावर पीएमडी लिहिलंय का ते बघायचं. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र तेही लावायचं नाही.

४. बाळाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. भाची बाळंतपणाला आली होती. एकदा तिने विचारलं, “आत्या, बाळाच्या उशीला निलगिरीचे दोन थेंब लावू का? डास तरी येणार नाहीत.” म्हटलं, “नको गं बाई. पाळण्याला मच्छरदाणी बांध, नाहीतर मी बांधून देते.” मग जुन्या नऊवारीची किनार घेऊन आम्ही मच्छरदाणीचा घेर जड केला, म्हणजे खालून फट राहत नाही. कापूर आणि निलगिरी पोटात गेली तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी चमचाभर तेलही पुरतं. या बाटल्या आमच्याकडे देवघराजवळ नसतात, फडताळाच्या वरच्या खणात असतात.

मांजराचंही तसंच. त्याच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत आणि अंगावर पडलेलं ते चाटूनच काढतं. टी ट्री तेल तर मांजर-कुत्र्यांच्या आसपासही नको.

५. कुंडीतलं रोप डास पळवत नाही. आमच्या पायरीशी गवती चहाचा मोठा बुंधा आहे आणि संध्याकाळी डास त्याच्याच पात्यांत दबा धरून बसलेले असतात. पात तळहातांत चुरगळली की तेलाच्या पेशी फुटतात, तेव्हा कुठे वास सुटतो. ‘मच्छर पळवणारं रोप’ म्हणून नर्सरीत महागडं काही घेऊ नका.

६. मुंग्यांवर मात्र तेल खरोखर गुणकारी आहे. ओट्यावर रांग लागली की आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्यायचं, मग लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेलं फडकं फिरवायचं. मुंग्या वासाच्या वाटेने चालतात. वाट पुसली की रांग मोडते.

७. कपाटाला तेलापेक्षा वेखंड बरं. आमच्या सासूबाई वेखंडाचे तुकडे आणि लवंगा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पैठणीच्या घडीजवळ ठेवायच्या. कसर लागलेली साडी मी त्यांच्या कपाटात पाहिली नाही. वेखंडाच्या तेलात असारोन नावाचं द्रव्य असतं, ते किड्यांना बाधतं. कांडी सुकलेली असल्यामुळे वास महिनोन्‌महिने हळूहळू सुटत राहतो. तेलच वापरायचं असेल तर कापसाच्या बोळ्यावर टाकून तो उघड्या डबीत ठेवावा. रेशमाला थेंब लागला तर डाग निघत नाही. दिवाळीनंतर साड्या बाहेर काढून वारा दाखवणं आणि घड्या बदलणं हे तरीही करावंच लागतं.

धान्याच्या डब्यात सुगंधी तेल घालू नये, पोळीला वास येतो. तिथे एरंडेल. ते उडून जात नाही, दाण्यावर पातळ थर धरतं. तळहाताला लावून गव्हाला, तूरडाळीला चोळायचं. सोंडे लागत नाहीत.

८. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. त्याला गटार लागत नाही, साठलेलं स्वच्छ पाणी पुरतं: फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनीप्लांटची बाटली, अंगणात पडलेल्या करवंट्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण पाणी ओतून दिलं की झालं, असं नाही. अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात आणि सुकी असली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. काथ्याने आतून कडा घासायलाच हव्यात. आम्ही रविवारी पिंपं उपडी करून घासतो, शेजारच्या बंद घराच्या अंगणातल्या करवंट्याही उचलतो. त्या डासाला आपला-परका उंबरा कळत नाही.

वाडीत तापाचे रुग्ण निघाले की मी सुगंधी तेलावर भिस्त ठेवत नाही. नातवाला शाळेत धाडताना लांब बाह्यांचा शर्ट आणि डॉक्टरांना विचारून आणलेलं डीटचं मलम, हाताला, मानेला आणि मोज्यांच्या वर उघड्या राहणाऱ्या पोटऱ्यांना. त्याच्या तळव्यांना लावत नाही, कारण मुलं हात तोंडात घालतात. शाळेतून आला की आधी साबणाने हातपाय धुऊन घ्यायचे, मग खाऊ.