नॅसची डिस्क घरच्या संगणकात

प्रश्न : मी भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांची छायाचित्रे काढतो व इंदापुरी घरच्या डेस्कटॉपवर साठवतो. बारामतीच्या दुकानदाराने ‘नॅस’साठीची, म्हणजे नेटवर्कवरील सामायिक साठवणपेटीसाठीची, हार्ड डिस्क सुचवली आहे. ती साध्या संगणकात चालेल का?

उत्तर : बेलाशक चालेल, साटा जोडणी तीच, वीजपुरवठ्याची तारही तीच. भेद आहे तो स्वभावाचा. अहोरात्र चालण्यासाठी घडवलेली ही डिस्क, एखादा भाग वाचता न आल्यास, साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडून त्रुटी कळवते. कारण नॅसमधल्या अनेक डिस्कांच्या एकत्रित (RAID) रचनेत शेजारच्या डिस्कांवरून तोच मजकूर सिद्ध होण्याची तजवीज असते, आणि आपल्या एकट्या डिस्कला असा जामीनदार नसल्यामुळे, साधी डिस्क ज्या ठिकाणी दीर्घकाळ झटली असती, तेथे ही लवकर हात टेकते. व्यवहारात हा प्रसंग विरळा. तो वारंवार येऊ लागला, तर डिस्कच बदलावी.

खरेदीपूर्वी मात्र डिस्कची लेखनपद्धत ‘सीएमआर’ आहे की ‘एसएमआर’ याची खातरजमा अवश्य करावी, कारण वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतील काही डिस्का ‘एसएमआर’ प्रकारच्या असल्याचे 2020 साली उघड झाले होते, आणि सलग मोठे लेखन करताना तो प्रकार मंदावतो. डिस्क दोन टेराबाइटांहून मोठी असल्यास विभागणी ‘जीपीटी’ पद्धतीची ठेवावी. छायाचित्रांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर हवीच. ‘नॅस’ हा शिक्का तिची जागा घेत नाही.