पायाची बोटं काय काय करतात?

वहाणा काढा. पाय पुढे करा. आता पायाचं मधलं बोट तेवढं हलवून पाहा.

एकटं हललं का? बहुतेकांचं हलत नाही. शेजारची बोटंही हलतात. अंगठा तेवढा वेगळा हलतो. बाकीची चार म्हणजे एका दावणीची गुरं. एक उठलं, की सारी उठली!

हाताचं तसं नाही. हाताचा अंगठा वळून प्रत्येक बोटाला टेकतो. म्हणून आपल्याला सुई धरता येते, लेखणी धरता येते. पायाचा अंगठा असा वळत नाही. गंमत अशी, की हाडं सारखीच आहेत. एका हाताच्या बोटांत 14, एका पायाच्या बोटांतही 14. पण पायाची बोटं आखूड. त्यांचं मोठं काम अंगाचा भार पेलायचं.

तरी पायाला अडाणी समजू नका. सुतार बसल्या बसल्या लाकूड पायाने दाबून धरतो. दोरी वळणारा दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवतो.

मग ज्याला हातच नाहीत, त्याचे पाय किती शिकतील?

अमेरिकेत जेसिका कॉक्स नावाची बाई आहे. तिला जन्मापासून हात नाहीत. 2008 साली तिने विमान चालवायचा परवाना मिळवला. विमान चालवायला हातही लागतात आणि पायही. तिच्याकडे तर दोनच पाय! तिला एक जुन्या बनावटीचं छोटं विमान सापडलं. त्यात पायाने दाबायच्या पट्ट्याच नव्हत्या. त्यामुळे पाय मोकळे राहिले. एक पाय चाकावर, दुसरा वेगाच्या दांड्यावर. यंत्र सोयीचं मिळालं, म्हणून शिकलेले पाय कामी आले.

हे शिक्षण नुसतं पायात राहत नाही बरं का. आपल्या मेंदूत हाताच्या प्रत्येक बोटाची जागा वेगळी असते. पायाच्या बोटांच्या जागा मात्र एकमेकींत मिसळलेल्या. 2019 साली लंडनच्या संशोधकांनी दोन चित्रकार तपासले. दोघेही जन्मापासून पायाने सारी कामं करणारे. त्यांच्या मेंदूत पायाच्या बोटांच्या जागाही वेगळाल्या दिसल्या, हाताच्या बोटांसारख्या.

गावात बिनहातांचं मूल असेल, तर ते पायाने जेवतं, पायाने फोन दाबतं म्हणून त्याला रागावू नका. त्याचे पाय मोकळे ठेवा.

आणि आज घरी एक करा. अंगठा आणि शेजारचं बोट यांत खडू धरा. पाटीवर 'अ' काढून पाहा. वाकडा येईल. पहिल्या दिवशी हाताने काढलेला तरी कुठे सरळ आला होता?