घर पाहावे बांधून

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज म्हणत. घर बांधताना मनुष्याच्या धीराची आणि व्यवहारज्ञानाची कसोटी लागते, हा या म्हणीचा आशय.

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यात काष्टी हे गाव आहे. तेथील जनावरांचा आठवडे बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या बाजारात बैल घेणारा शेतकरी बैलाचे दात पाहिल्यावाचून इसार देत नाही. मग ज्या जागेवर जन्म काढावयाचा, ती केवळ तोंडच्या शब्दावर घ्यावी काय?

समजा, एका शेतमजुराने पै पै साठवून गावातच घरापुरती जागा घेतली. पैसे चुकते केले. खरेदीखत मात्र केले नाही. पुढे विकणारा वारला व त्याच्या मुलांनी जागेवर हक्क सांगितला. बिचाऱ्या मजुराची जागा गेली आणि सरकारी घरकुलही अडले. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ हा करआकारणीचा उतारा होय. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. असे पत्रक हाती असले, म्हणजे बँकेकडे कर्ज मागणे सुलभ होते.

जागेनंतर पैशाचा विचार. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली सुरू झाली. सपाट प्रदेशातील घरकुलास तिच्यात केंद्र व राज्य मिळून 1,20,000 रुपये साहाय्य ठरले. घर किमान 25 चौरस मीटरांचे असावे, असाही नियम झाला. ही रक्कम काम पुढे सरकेल तशी हप्त्यांनी बँक खात्यात जमा होते. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावे. हौसेने मोठा पाया घालणाऱ्याच्या भिंती अर्ध्यावर राहतात आणि तो सावकाराच्या दारी जातो. परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानी ठेवावे.

स्वस्त घर म्हणजे निकृष्ट घर नव्हे. या भागातील जुनी धाब्याची घरे गावच्याच मातीची असत. त्यांच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देत. हेच तत्त्व पक्क्या घरातही पाळता येते. वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिने सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात, भट्टीचे जळण वाचते आणि उष्णताही अडते. पाण्याचेही तसेच. 25 चौरस मीटर छतावर वर्षात 400 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10,000 लिटर पाणी मिळते. पर्जन्यछायेतील गावाला हे पाणी मोलाचे आहे; पन्हळ लावून ते टाकीत साठवावे.

कागद पक्का, खर्च बेताचा आणि बांधणी निसर्गाला धरून, अशा तीन आधारांवर उभे राहिलेले घर पुढच्या पिढीला छप्पर देते. कर्ज आणि कज्जा यांचा वारसा देत नाही.

स्वाध्याय
1. शेतमजुराची जागा का गेली? त्याने काय करावयास हवे होते?
2. आपल्या घराच्या छताचे क्षेत्रफळ मोजा आणि 100 मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल, ते काढा.