ओहोटीची वाट

कल्याण, डोंबिवली आणि ठाणे या नगरांना जोडणारी आगगाडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु १८५४ साली लोहमार्ग कल्याणास पोहोचला, त्याच्या कितीतरी शतके आधीपासून येथे दुसरी एक वाट होती, ती पाण्याची. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर मागे टाकून कल्याणास येते आणि तेथून पुढे तिची खाडी होते. डोंबिवली व ठाणे डाव्या हातास आणि भिवंडीचा मुलूख उजव्या हातास ठेवून हे पाणी घोडबंदरावरून वसईजवळ अरबी समुद्रास मिळते. कल्याण बंदर भरभराटीस आले ते याच पाण्यावर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी जिंकून घेतली आणि पुढे येथील खाडीकाठी मराठ्यांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली.

या वाटेने हिवाळ्यात, लहान होड्यांतून, चार सोबत्यांसह प्रवास करावयाचा आणि रात्री तीरावर मुक्काम करावयाचा, तर कोणत्या गोष्टी जाणून घ्याव्या लागतील, याचा आपण विचार करू.

अशा प्रवासाला कयाक नावाची होडी सोयीची असते. ती मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती तयार करीत आणि तिच्यात बसून बर्फाळ समुद्रात शिकार करीत. ती लांब, अरुंद आणि हलकी असते. वल्हविणारा पुढे तोंड करून बसतो आणि त्याच्या हाती दोन्ही टोकांस पाती असलेले एकच वल्हे असते. ही होडी लहान असली तरी तिचा पल्ला मोठा आहे. २०१६-१७ च्या हिवाळ्यात कौस्तुभ खाडे यांनी द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा कयाकमधून पार केला.

मात्र खाडीत बाहुबलापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. समुद्रास दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि प्रत्येक भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाण्याची ओढ फार. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा ओढ कमी. शिवाय अष्टमी-नवमीला आपल्या किनाऱ्यावर भरती सकाळी व सायंकाळी येते. म्हणून नवख्यांनी हेच दिवस निवडावे. सकाळी भरती पूर्ण झाली, की ओहोटीबरोबर निघावे; पाणी आपणच होडी पुढे नेते. समुद्रकिनाऱ्यावरची भरती कल्याणपर्यंत चढण्यास काही वेळ लागतो. यास्तव छापील वेळापत्रक पाहावेच, पण खाडीवर राहणाऱ्या कोळी-आगरी मंडळींनाही विचारून घ्यावे.

पाण्यासारखेच वाऱ्याचेही वेळापत्रक असते. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी जमीन तापली, की तो समुद्राकडून येऊ लागतो. पाणी पश्चिमेस ओढत असता समोरून असा वारा आला, म्हणजे खाडीत आखूड आणि उंच लाटा उठतात. म्हणून दुपारचा वारा सुटण्यापूर्वी मुक्काम गाठणे शहाणपणाचे. पुढची ओहोटी रात्री येते. अंधारात वल्हविणे धोक्याचे. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीची वाट पाहणे भाग पडते. तीरावरील मुक्काम ही केवळ हौस नाही. ती या वाटेची गरज आहे.

मुक्कामाची जागा निघण्यापूर्वीच ठरविलेली असावी. ओहोटीस काठाशी खोल चिखल उघडा पडतो. त्यात पाय रुततो. तिवरांची दाटी असेल तेथे उतरू नये. चिखलातून वर आलेल्या त्यांच्या मुळ्या श्वासोच्छ्वास करतात. त्या तुडविल्या तर झाडास इजा होते. डाव्या तीरावर काही ठिकाणी येऊरचे अरण्य खाडीपर्यंत आले आहे. तेथे बिबट्यांचा वावर आहे आणि वनविभागाच्या अनुमतीवाचून राहता येत नाही. म्हणून जुना धक्का असलेले गाव पाहावे, गावकऱ्यांची अनुमती घ्यावी आणि भरतीच्या रेषेपासून पुष्कळ वर तंबू ठोकावा. खाडीचे पाणी खारट आणि सांडपाण्याने दूषित असते. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे आणि आपला केरकचरा परत आणावा.

आता थंडीविषयी. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग थंडीचे भय कसले, असे कोणी म्हणेल. परंतु पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णतावाहक आहे. ओले सुती कपडे आणि पहाटेचा वारा एकत्र आले, की अंगातील ऊब झपाट्याने जाते. प्रथम हुडहुडी भरते, मग बोटे वल्ह्यावर वळेनाशी होतात आणि पुढे विचारही मंदावतो. म्हणून लोकरी कपड्यांचा एक कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत प्रत्येकाने ठेवावा. लाइफ जॅकेट तर पाण्यावर असेपर्यंत अंगावरून काढूच नये.

समजा, सहा होड्यांची तुकडी निघाली आहे. पाण्यावर धुके आहे. शेवटच्या होडीतील मुलगा निघतानाच पाण्यात पडून भिजला होता. "मला काही झाले नाही," असे म्हणून तो तसाच निघाला. तासाभराने तो बोलेनासा होतो. पुढच्या होड्यांना ओहोटीची उत्तम ओढ लाभली आहे; थांबावे तर ती वाया जाणार. अशा वेळी नायकाने काय करावे?

त्याने सर्वांना जवळच्या धक्क्यावर उतरवावे. ओले कपडे काढून मुलास कोरडे कपडे घालावे, पांघरुणात गुंडाळावे आणि गरम गोड चहा द्यावा. त्या दिवशीचा मुक्काम अलीकडच्याच गावी करावा लागला, तरी बिघडत नाही. यासाठीच सर्वांत मंद होडीच्या गतीने साऱ्यांनी चालावयाचे आणि मागे वळून होड्या मोजावयाच्या, असा पाण्यावरचा नियम आहे. ज्याला त्रास होत आहे, त्याने तो लपवू नये. लपविलेला त्रास साऱ्या तुकडीला संकटात लोटतो.

वेगाने पुढे जाणे हे धैर्याचे एक लक्षण असेल; पण पुढे जाण्याची शक्ती असता सोबत्यासाठी थांबणे, यास अधिक धैर्य लागते. निसटलेली ओहोटी उद्या ५० मिनिटांनी उशिरा का होईना, पुन्हा येतेच. हरवलेला सोबती पुन्हा येत नाही.

स्वाध्याय

१. नवख्यांनी प्रवासासाठी अष्टमी-नवमीचे दिवस का निवडावे?
२. 'तीरावरील मुक्काम ही केवळ हौस नाही. ती या वाटेची गरज आहे.' हे विधान स्पष्ट करा.
३. आज सकाळी ७ वाजता भरती आली, तर परवा सकाळची भरती सुमारे किती वाजता येईल?
४. भिजलेल्या मुलाने आपला त्रास लपविला नसता, तर काय घडले असते, ते आपल्या शब्दांत लिहा.