कोळशाची वीज आणि उन्हाची वीज

आपण बटण दाबतो आणि घरात दिवा लागतो. पण ती वीज येते कोठून? गुरुजींनी वर्गात समजावून सांगितले आणि काही मी शेतात पाहिले, ते येथे लिहितो.

औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळून पाणी तापवतात. पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने मोठे चक्र फिरते व वीज तयार होते. म्हणजे कोळसाही पाहिजे आणि पाणीही पाहिजे. बीड जिल्ह्यात परळीला असे केंद्र आहे. २०१५ साली दुष्काळ पडला, तेव्हा पाण्यावाचून ते बंद ठेवावे लागले. शिवाय कोळशाच्या धुराने हवा खराब होते व पृथ्वी तापते.

उन्हाच्या विजेला कोळसा नको की वाफ नको. प्लेटांवर ऊन पडले की वीज तयार होते.

आमच्या शेतात गेल्या वर्षी सौर पंप बसला. त्याआधी शेतीची वीज एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री यायची. रात्रीची पाळी असली की बाबा टॉर्च आणि काठी घेऊन मोसंबीला पाणी द्यायला जायचे. एकदा दांडात साप निघाला. बाबा घरी येईपर्यंत आई जागीच असायची. आता आजी म्हणते, "बरं झालं माय, रातचं जाणं सुटलं."

एका रविवारी मी पंपाची धार पाहत बसलो. सकाळी आठला धार बारीक होती. बाराला पाइप भरून पाणी आले. मधेच ढग आला, तर धार लगेच कमी झाली. संध्याकाळी पंप आपोआप थांबला. प्लेटांवर धूळ बसली तरी पाणी कमी येते. म्हणून त्या पुसायचे काम माझ्याकडे आहे.

वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ साली ३ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. त्यामुळे तिथल्या शेतीपंपांना दिवसा वीज मिळते. त्याच वर्षी ब्रिटन देशातले कोळशाचे शेवटचे वीज केंद्र बंद झाले. आपल्या देशात मात्र अजून निम्म्याहून जास्त वीज कोळशाचीच आहे.

हा लेख मी रात्री दिव्याखाली लिहिला. तेव्हा ऊन नव्हते, आमच्या प्लेटा झोपल्या होत्या. दिवसाची वीज मोठ्या बॅटऱ्यांत साठवून रात्री वापरता येते, पण त्याला खर्च फार लागतो, असे गुरुजी म्हणाले. म्हणून रात्रीचा दिवा जपून वापरावा. वर्गातून बाहेर पडताना पंख्याचे बटण बंद करायला विसरू नका.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी