दुर्बल नावे, लिंकर आणि शेअर्ड लायब्ररी

पुण्याहून इंदूरला निघालेल्या टपालवाहकाजवळ दोन लखोटे दिले आहेत, अशी कल्पना करावी. पहिल्यावर सूचना आहे की, खजराना येथील गणेश मंदिराच्या प्रवेशद्वारापाशी कार्यालयाचा प्रतिनिधी भेटेल, लखोटा त्याच्याच हाती द्यावा. दुसऱ्यावर लिहिले आहे : प्रतिनिधी असल्यास द्यावा, नसल्यास पुढील कामास लागावे. पहिल्या प्रसंगी प्रतिनिधी न भेटल्यास काम अडते आणि वरिष्ठांकडे तसे कळविले जाते. दुसऱ्या प्रसंगी काम अडत नाही व कोणास काही कळविलेही जात नाही. संगणकाच्या आज्ञावलींत या दोन्ही प्रकारची नावे आढळतात. त्यांपैकी दुसऱ्या प्रकारास ‘दुर्बल अव्याख्यात नाव’ म्हणता येईल.

मोठी आज्ञावली एकसंध लिहिली जात नाही. तिचे अनेक तुकडे स्वतंत्रपणे तयार होतात आणि एका तुकड्यातून दुसऱ्यातील कार्यास केवळ नावाने हाक मारलेली असते. त्या नावास प्रत्यक्ष पत्ता जोडून देणे हे लिंकरचे काम होय. शेअर्ड लायब्ररीमुळे मात्र या कामाचे दोन टप्पे पडतात. अशी लायब्ररी आज्ञावलीत उतरवून घेतली जात नाही. ती संगणकावर वेगळी राहते आणि अनेक आज्ञावल्या तिचा सामायिक उपयोग करतात. म्हणून काही जुळणी बांधणीच्या वेळी लिंकर करतो, तर उरलेली जुळणी आज्ञावली सुरू होताना डायनॅमिक लिंकर करतो. आपल्या दृष्टान्तात पहिला पुण्यात बसला आहे, दुसरा खजरान्यात.

लिनक्सवर प्रचलित असलेल्या ‘ईएलएफ’ या स्वरूपाचा नियम असा की, सबळ नावाचा पत्ता न मिळाल्यास ती चूक समजावी. दुर्बल नावाचा न मिळाल्यास त्याचे मूल्य शून्य धरावे. आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी पत्ता शून्य नाही ना हे तपासावे आणि मगच हाक मारावी, अशी अपेक्षा असते. ही सोय काही दुर्मिळ नाही. लिनक्सवरील बहुतेक आज्ञावल्यांत ‘जीमॉन स्टार्ट’ हे दुर्बल नाव सापडते. वेगमापनाची सामग्री जोडलेली असल्यास ती सुरू करावी, नसल्यास मुकाट्याने पुढे जावे, एवढाच त्याचा हेतू. ‘एनएम’ या साधनाने नावांची यादी काढली असता अशा नावापुढे इंग्रजी लहान लिपीतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर दिसते. सबळ अव्याख्यात नावापुढे मोठे ‘यू’ असते.

खरी अडचण निराळीच आहे. ‘कोणी नाही’ हा निर्णय नेमका कोठे घ्यावयाचा? बांधणीच्या वेळी संबंधित लायब्ररी समोर नसेल तर लिंकरला दोन मार्ग मोकळे असतात. एक, तेथेच शून्य लिहून प्रकरण मिटविणे; दोन, नाव तसेच ठेवून निर्णय डायनॅमिक लिंकरवर सोपविणे. पहिल्या मार्गात प्रतिनिधी खजरान्यात प्रत्यक्ष उभा असला तरी टपालवाहक तिकडे फिरकणारच नाही, कारण पुण्यातच लखोट्यावर शेरा मारला गेला आहे. जीएनयू लिंकर यांपैकी कोणता मार्ग घेईल हे प्रोसेसरवर आणि बांधणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. ‘डायनॅमिक-अनडिफाइन्ड-वीक’ हा पर्याय देऊन दुसरा मार्ग सुचविता येतो, परंतु तोही सर्व प्रोसेसरांसाठी उपलब्ध नाही. याचा अर्थ असा की, तोच मजकूर दोन यंत्रांवर बांधला असता दोन प्रकारे वागू शकतो. हे इष्ट म्हणता येणार नाही.

लायब्ररी समोर असूनही घोटाळा होऊ शकतो. ‘ॲज-नीडेड’ या पर्यायानुसार लिंकर केवळ गरजेच्या लायब्ररींचीच नोंद करतो, आणि गरज ठरविताना दुर्बल नावांची मागणी हिशेबात धरीत नाही. परिणामी लायब्ररीचे नाव आज्ञेत स्पष्ट लिहिलेले असूनही ती यादीतून गळते. स्थिर लायब्ररीच्या बाबतीतही न्याय तोच : दुर्बल नावासाठी संग्रहातील एकही भाग बाहेर काढला जात नाही.

या नियमांचा फटका सी प्लस प्लस भाषेत काम करणाऱ्यांना अनेक वर्षे बसला. एकाच वेळी अनेक धागे चालविणारी कार्ये ग्लिबसीच्या स्वतंत्र ‘पीथ्रेड’ लायब्ररीत होती आणि भाषेची प्रमाण लायब्ररी त्यांना दुर्बल नावांनी हाक मारीत असे. ती लायब्ररी जोडावयाची राहिली तरी बांधणी बिनतक्रार पार पडे. चालविताना मात्र बहुधागी व्यवस्था सुरू करावी असा संदेश देऊन आज्ञावली थांबे. संपूर्ण स्थिर बांधणीत प्रकार याहून वाईट होता. संग्रहातील काही भाग येत, काही येत नसत, आणि आज्ञावली सरळ शून्य पत्त्यावर उडी घेऊन कोसळे. संपूर्ण संग्रह सक्तीने आत घेणे, म्हणजे ‘होल-आर्काइव्ह’ हा पर्याय वापरणे, हा त्यावरील रूढ उपाय होता.

ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लिबसी 2.34 मध्ये ही कार्ये मुख्य सी लायब्ररीतच समाविष्ट करण्यात आली व हा विशिष्ट प्रश्न मिटला. डेबियन 11 मध्ये ग्लिबसी 2.31 आहे, तर 2023 च्या डेबियन 12 मध्ये 2.36. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने, शासकीय कार्यालयांत ती वापरणाऱ्यांनी आपली आवृत्ती या सीमेच्या कोणत्या बाजूस येते हे पाहून ठेवणे उपयुक्त ठरेल.

स्वतःच्या लायब्ररींबाबत मात्र सावधगिरी आजही आवश्यक आहे. ‘झेड डेफ्स’ हा कडक तपासणीचा पर्याय दुर्बल नावांविषयी काहीच बोलत नाही. तसेच आज्ञावली सुरू होताना शून्य ठरलेले नाव, नंतर ‘डीएलओपन’ने लायब्ररी आणली तरी, शून्यच राहते. जेथे लायब्ररी असणे-नसणे खरोखरच ऐच्छिक आहे, तेथे ‘डीएलओपन’ आणि ‘डीएलसिम’ यांच्या साहाय्याने पत्ता उघडपणे विचारून घेणे अधिक सुरक्षित होय. आणि जेथे ती अनिवार्य आहे, तेथे नाव सबळच ठेवावे, म्हणजे उणीव बांधणीच्या वेळीच उघडकीस येते.