घरी लिहिलेली तबकडी का चालत नाही?

घरच्या लग्नाचे चित्रण असलेली डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली की यंत्र काही क्षण घुरघुरते आणि पडद्यावर ‘तबकडी नाही’ अशी अक्षरे उमटतात. बाजारातून आणलेला चित्रपट मात्र त्याच यंत्रात सुरळीत चालतो. अशा वेळी कोणी यंत्राला दोष देतो, तर कोणी चित्रण नष्ट झाले असे समजून तबकडी टाकून देतो. यांपैकी दुसरी चूक अधिक महाग पडते. चित्रपट पुन्हा विकत मिळतो. दिवंगत आजोबांचे हसणे मिळत नाही.

दिसण्यात सारख्या असल्या तरी या दोन तबकड्यांची घडण निराळी असते. कारखान्यातील तबकडीवर साच्याने सूक्ष्म खळगे उमटविलेले असतात आणि त्यांवरून परावर्तित होणाऱ्या लेसर प्रकाशातील चढउतार यंत्र वाचते. घरी लिहिलेल्या तबकडीत असे खळगे नसतात. तिच्या पोटात रंजकद्रव्याचा पातळ थर असतो. लेखनाच्या वेळी लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात आणि त्या खळग्यांचे काम करतात. पुन:पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीत रंजकाऐवजी मिश्रधातूचा थर असतो. एकथरी छापील डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठविते, तर ही पुनर्लेखनाची तबकडी अवघा १८ ते ३० टक्के. दोन थरांच्या छापील तबकडीचे परावर्तनही एवढेच असल्यामुळे काही जुनी यंत्रे या तबकडीला दुथरी समजून फसत.

सीडीची कथा याहून बोलकी आहे. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी प्लेअर विक्रीस आले. डीव्हीडी वाचणारा तांबडा लेसर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. परंतु लिहिण्याच्या सीडीतील रंजक ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी योजलेले होते. तांबडा प्रकाश ते जवळजवळ गिळूनच टाकी. म्हणून एकच लेसर असलेल्या आरंभीच्या अनेक यंत्रांना छापील सीडी वाचता येई, घरची मात्र दिसतच नसे. पुढे प्लेअरमध्ये दोन तरंगलांबींची सोय झाली, तेव्हा ही अडचण सरली.

प्रकाशाची बाजू ठीक असूनही तबकडी मुकी राहू शकते. जुना प्लेअर संगणकाप्रमाणे वाटेल ती फाइल उघडीत नाही. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये, बहुधा एमपेग-२ पद्धतीने, ठरावीक रचनेत मांडलेले चित्रणच तो ओळखतो. नुसती फाइल उतरवून घेतलेली तबकडी त्यामुळे संगणकावर दिसते आणि प्लेअरवर दिसत नाही. आणखी एक हमखास आढळणारे कारण म्हणजे लेखन पूर्ण झाल्यावर तबकडी ‘बंद’ करण्याचे, म्हणजे फायनलाइझ करण्याचे, राहून जाणे. ज्या कॅमेऱ्याने किंवा रेकॉर्डरने ती लिहिली, त्यातच ती पुन्हा घालून हे काम उरकता येते. प्रदेश-संकेताला मात्र उगाच दोष दिला जातो. घरगुती तबकडीवर तो सहसा नसतोच.

तेव्हा प्रथम तीच तबकडी दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि संगणकावर लावून पाहावी. छापील तबकड्याही अडखळत असतील तर प्लेअरच्या भिंगावर धूळ असण्याचा संभव असतो. चित्र शेवटाकडेच थिजत असेल तर तबकडीची बाहेरची कड तपासावी, कारण लेखन आतून बाहेर जाते. चिकटविलेल्या कागदी लेबलाने तबकडीचा तोल बिघडतो तो याच भागात जाणवतो. पुसताना मऊ फडके मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये.

तबकडी एकुलती एक असेल तर हे प्रयोग नंतर करावेत. ऊन आणि उष्णता यांनी रंजक फिके पडत जाते. जो ड्राइव्ह ती वाचू शकेल त्यावर ती आधी संगणकात उतरवून घ्यावी आणि मगच, एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या तबकडीवर मध्यम वेगाने, प्लेअरसाठी नवी प्रत करावी.